खिडकीजवळची खाट

"मान जरा वर करा काका," असं भुलीची डॉक्टरीण म्हणाली आणि लाजर त्रिभुवननं छताकडं तोंड केलं. पुढच्या मंगळवारी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि त्याआधीची तपासणी चालली होती. तिनं त्याला जीभ बाहेर काढायला लावली, कवळी आहे का विचारलं, दमा-बिमा आहे का विचारलं. मग तिचा अंगठा गळ्याखालच्या खळगीत आला आणि तिथंच थांबला. अंगठा गार होता. त्या जागेवर बायको, जया, गेल्यापासून कुणाचं बोट पडलं नव्हतं.

"इथं नळी कधी घातली होती?"

"कसली नळी?"

"श्वासाची. लहानपणी घशाला छिद्र पाडलं असणार. ही खूण त्याचीच."

"ती जन्मखूण आहे," लाजर म्हणाला. हे वाक्य तो परक्या माणसांना सांगायचा. आपल्या माणसांना वेगळं सांगायचा.

"जन्मखूण अशी नसते काका. इथं चिरलंय." ती तरुण होती, घाईत होती, तिच्या आवाजात वाद घालायची हौस अजिबात नव्हती. "पूर्वी घटसर्पाच्या पोरांना करायचे असं. घरात कुणा मोठ्या माणसाला विचारून या. भूल देताना आम्हाला श्वासनळीचं माहीत लागतं." तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

लाजर बाहेर आला, पायऱ्या उतरला, रिक्षानं नगरच्या स्टँडवर गेला. घरातलं मोठं माणूस आता तोच होता. श्रीरामपूरच्या गाडीला पाटी अहिल्यानगर-श्रीरामपूर अशी नवी लागली होती, पण वाहक अजून "नगर, नगर" असंच ओरडत होता, आणि तीस वर्षं श्रीरामपूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून माईकवर गाड्या पुकारलेल्या लाजरला एरवी त्याची गंमत वाटली असती. त्याचा तो घोगरा, खरखरीत आवाज अख्ख्या तालुक्याला ओळखीचा होता. आई म्हणायची, मरणाच्या दारातनं परत येताना पोराचा आवाज तिथंच राहिला. राहुरी येईपर्यंत तो खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत राहिला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपला हात मघापासून गळ्यावरच आहे. खळगीत एक आडवी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, चकचकीत वळी होती. चौसष्ट वर्षं ती तिथं होती, म्हणजे खरं तर एकोणसाठ. आई म्हणायची, मरणानं तुला इथं धरलं होतं. प्रभूनं सोडवून घेतलं तेव्हा त्याच्या बोटाचा ठसा राहिला.

गोष्ट अशी होती. एकोणीसशे सहासष्टच्या थंडीत बन्सी त्रिभुवनचा पाच वर्षांचा पोरगा घटसर्पानं मिशनच्या दवाखान्यात मेला. दवाखाना आडगावी होता, डॉक्टर त्या दिवशी जागेवर नव्हते. पोराचं तोंड निळं पडलं, श्वास थांबला, अंगावर पांढरी चादर ओढली. मग शाळेचे भीमा मास्तर, जे रविवारी उपदेशही करायचे, ओट्यावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी देवाजवळ त्या पोराची मागणी केली. पाऊण तास ते उठले नाहीत. पाऊण तासानं चादर हलली. पोराचं नाव तोवर रंगनाथ होतं, पुढं कुणी त्या नावानं हाक मारली नाही. बेथानीच्या ज्या माणसाला प्रभूनं चौथ्या दिवशी कबरेतून बाहेर बोलावलं त्याचं लाजर हे नाव त्याला मिळालं, आणि दर वर्षी पेरू बाजारात यायला लागले की देवळात पिकाबद्दल देवाचे आभार मानायची, उपकारस्तुतीची उपासना व्हायची, तीत आई त्याला पुढं उभं करून ही साक्ष द्यायची. आई थकल्यावर तो स्वतः उभा राहायला लागला. पवित्र शास्त्रातल्या चमत्कारांवर शंका घेणाऱ्यांना पाळकसाहेब सांगायचे, दोन हजार वर्षं मागं जायची गरज नाही, तिसऱ्या बाकावर बघा.

तिसऱ्या बाकावर बसणं सोपं नव्हतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. जयालाही नाही. लहानपणी तो ती बेथानीची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायचा, कारण ती आपली आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला एकच गोष्ट खटकायची, की तो माणूस बाहेर आल्यावर काहीच बोलत नाही. बहिणी बोलतात, शेजारी बोलतात, पुरोहित कट करतात, पण जो चार दिवस मेलेला होता त्याच्या तोंडी एक अक्षर नाही. तिकडं काय होतं असं त्याला कुणी विचारतही नाही. लाजरला मात्र सगळे विचारायचे. शाळेतली पोरं विचारायची, नंतर डेपोतले ड्रायव्हर विचारायचे, काय दिसलं रे तिकडं. तो म्हणायचा, उजेड. आणि खरंच त्याला उजेड आठवायचा, एका बाजूनं येणारा, डोळ्यांवर पडणारा, आणि पायांवर काहीतरी जड. बाकी काही नाही. पण तेवढ्यानं लोकांचं समाधान व्हायचं नाही म्हणून थोडं थोडं वाढत गेलं. गाडी बेलापूरच्या जवळ आली तेव्हा त्याला, जणू कुणी कानात सांगावं तसं, आठवलं की आईच्या गोष्टीत चादर नव्हती. आई नुसतं म्हणायची, पोरगं गार पडलं. आणि पाऊण तासही नव्हता, घटकाभर होता. चादर त्यानं स्वतः घातली होती, चौऱ्याण्णव किंवा पंच्याण्णवच्या उपकारस्तुतीत, बोलता बोलता, कारण समोरच्या बायांच्या डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कमी पडत होतं. ते खोटं बोलणं आहे असं तेव्हा वाटलंच नव्हतं. आणि पुढच्या वर्षापासून ती चादर त्याला आठवायला लागली होती, तिचं सूत, तिचा साबणाचा वास, नाकावर तिचं टेकणं. आताही आठवत होती.  जे झालंच नाही ते इतकं स्वच्छ आठवतं, तर मग जे झालं ते कुठं गेलं?

तो बेलापूरला उतरला. उतरायचं ठरवलं नव्हतं. पण विचारावं असं एकच माणूस जिवंत होतं आणि ते बेलापुरात होतं, हे त्याला डॉक्टरणीचा अंगठा थांबला तेव्हाच कळलेलं असणार. एस्तेर सिस्टर. त्या दवाखान्यात ती तेव्हा नर्स होती. निवृत्तीनंतर ती पुतण्याच्या घरी बेलापूरला राहायला आली, आणि जोवर पाय चालत होते तोवर दर उपकारस्तुतीला श्रीरामपूरच्या देवळात यायची, अगदी शेवटच्या बाकावर बसायची, लाजरची साक्ष संपली की शेवटच्या गीताआधी निघून जायची. आईचं आणि तिचं काहीतरी विचित्र होतं. बाजारात ती दिसली की आई वाकून तिच्या पायांना हात लावायची, आणि लगेच लाजरचं मनगट धरून त्याला दुसऱ्या गल्लीनं ओढत न्यायची.

पुतण्याच्या सुनेनं दार उघडलं आणि आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. एस्तेर सिस्टर भिंतीला टेकून बसली होती, ब्याऐंशी वर्षांची, वाळून एवढीशी झालेली, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी. तिनं त्याला लगेच ओळखलं. तो कशासाठी आला तेही ओळखलं असावं, कारण तिनं मेथी बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले.

"सलाम सिस्टर."

"सलाम. बस. आई गेली तवापासनं वाट बघत हुते मी तुजी. लई वर्सं लावली तू."

त्यानं डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली.

"खरं हाय," ती म्हणाली. "मीच कापलं. डॉक्टर नगरला गेल्ते. मला तसं करायची परवानगी न्हवती. बघितलं हुतं चार-पाच बारी, हातात ब्लेड कधी घेतलं न्हवतं. तू निळा पडलास. आता जातंय पोरगं, असं झालं. तुजे पाय तुज्या आईनं धरलेते, असे घट्ट, की दोन दिस वळ हुते. मी कापलं आन् नळी घातली. शिट्टीगत आवाज आला. मग तुजा रंग फिरला."

"आणि भीमा मास्तर?"

"मास्तर भायेर ओट्यावर हुते. प्रार्थना करत हुते, ते काय खोटं न्हाई. आत आले तवा तू श्वास घेत हुतास. त्यांनी नळी बघितली का न्हाई मला ठाव न्हाई. मान्साला जे बघायचं असतं ते बघतंय. भायेर जाऊन त्यांनी मंडळीला सांगितलं."

"आई आतच होती. तिला माहीत होतं."

"समदं माहीत हुतं. बारा दिस तुजी नळी साफ केली तिनं."

लाजरला पायांवरचं ते जड काहीतरी आठवलं. इतकी वर्षं त्याला ते मरणाचं वजन वाटत होतं. त्यानं विचारलं, "मग ती असं का सांगत राहिली?" आणि विचारताना त्याचा आवाज आणखी घोगरा झाला. आवाज कुठं राहिला होता हेही आता उघडच होतं.

म्हातारीनं मेथीची जुडी जवळ ओढली. बाहेर कुठंतरी टेम्पो मागं घेत असल्याची पीं-पीं चालली होती. मग ती म्हणाली, "तिथं दोन खाटा हुत्या."

दुसऱ्या खाटेवर एक मुलगी होती. हाजरा नाव, सहा वर्षांची, इथलीच, बेलापूरची. सत्तार पिंजाऱ्याची. बापानं सायकलवर आणली होती पुढं बसवून. तिलाही तेच झालं होतं आणि तीही त्याच घटकेला निळी पडायला लागली होती. पोरांच्या मापाची नळी दवाखान्यात एकच होती. हे सगळं सिस्टरनं जमिनीकडं बघत सांगितलं, हळू, एकेक वाक्य ठेवल्यासारखं, आणि लाजरला जाणवलं की ही वाक्यं तिनं मनाशी फार वेळा म्हटलेली आहेत.

"मग मीच का?" तो म्हणाला. "आमची ओळख होती म्हणून? ख्रिस्ती म्हणून?"

"मी बी लई इचार केला त्याचा. तसं असतं तर पाप म्हनून कबूल तरी केलं असतं." तिनं वर बघितलं. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय होती. "तुजी खाट खिडकीपाशी हुती. तिची आतल्या अंगाला. लाईट गेल्ती. कापायला उजेड पायजे हुता. बस, तेवढंच. मी उजेडाकडं गेले."

 मग तिनं बाकीचं सांगितलं. सत्तारनं भांडण केलं नाही. पोरगी घोंगडीत गुंडाळून त्यानं उचलली, अल्लाची मर्जी म्हणाला, आणि जाताना खिडकीजवळच्या खाटेपाशी थांबून पोराच्या डोक्यावर हात ठेवून गेला. सिस्टरनं पुढं एकदा लाजरच्या आईला विचारलं होतं, बाई, तू असं का सांगतीस. तेव्हा आई म्हणाली होती, सिस्टर, तुमी कापलं म्हनून सांगितलं तर ती पोरगी का मेली ते बी सांगावं लागंल. पिंजारी तुमच्या दारात यील. माजं पोरगं जलमभर त्या पोरीचं देणं लागंल. प्रभूचं नाव घेतलं की पुढं कुनी इचारत न्हाई.

"दर वर्सी यायचे मी ऐकायला," सिस्टर म्हणाली. "वाटायचं, यंदा तरी यात एखादी पोरगी यील. आली न्हाई. चादर आली."

श्रीरामपूरला पोचल्यावर तो घरी गेला, जेवला, भांडं धुतलं आणि ओसरीच्या खुर्चीत बसून राहिला. पुढचे तीन दिवस तो तसाच बसून होता म्हटलं तरी चालेल. मनात येणारे विचार धड विचारही नव्हते. रविवारच्या शाळेत तो पंचवीस वर्षं पोरांना शिकवत आला होता, आणि त्याला सारखं ते यरुशलेमातलं तळं दिसत होतं, पाच ओसऱ्यांचं, जिथं पाणी हललं की पहिला उतरेल तो बरा होतो म्हणून आंधळे, लंगडे, वाळलेले लोक पडून असायचे. अडतीस वर्षं आजारी असलेल्या एका माणसाला प्रभू बरं करतो. तो आपली बाज उचलून चालू लागतो. पोरं टाळ्या वाजवायची. ओसऱ्यांवरचे बाकीचे? ते त्या संध्याकाळी तिथंच होते ना? त्यांनी त्या माणसाला बाज घेऊन जाताना बघितलं असेल, डोकी वळवून, आणि मग परत पाण्याकडं बघितलं असेल. त्यांच्याबद्दल लिहिलेलं नाही. हे खरं झालं का नाही, अशी शंका घेणारी माणसं त्याला आयुष्यभर भेटली होती. डेपोत तर रोज भेटायची, आणि त्यांना तो आपला गळा पुढं करायचा. पाण्याचा द्राक्षारस होईल का, मेलेला उठेल का. आता त्याला त्या शंकेशी काही भांडणच उरलं नव्हतं. उठतही असेल. पण ज्यानं लिहिलं त्याच्याही मागं कुणीतरी आई असेल का, पाय धरून बसलेली, जिला सगळं माहीत होतं आणि जिनं प्रेमापोटी एक खाट गोष्टीतून काढून टाकली? प्रभूची रिकामी कबर पहिल्यांदा बायांनी बघितली आणि त्यांनी धावत जाऊन सांगितलं, असं लिहिलंय. त्याच्या बाबतीत बायांनी बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

आणि या सगळ्याच्या खाली जया होती. तिच्यापर्यंत जायचं नाही म्हणून तो तळ्याभोवती फिरत होता, हे त्याला तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं. सात-आठ वर्षांपूर्वीच्या नाताळच्या आदल्या आठवड्यात जयानं त्याचा हात धरून आपल्या डाव्या छातीवर ठेवला होता, लग्नाच्या तिसाव्या वर्षी, लाजत, आणि म्हणाली होती, हे बघा हो, इथं काहीतरी लागतंय. हरभऱ्याएवढं होतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. घाबरला नव्हता. घाबरायचं काय, तो स्वतःच उठवलेला माणूस होता. मुलगी सुकन्या नगरच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होती. ती सुट्टी टाकून आली, रडली, भांडली, म्हणाली पप्पा, नुसती सुई घालून तपासायचंय, एक दिवसाचं काम आहे. तो म्हणाला, मला उठवणारा देव तुझ्या मम्मीला सोडील का. मंडळीनं आळीपाळीनं साखळी प्रार्थना धरली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जया कधीच काही म्हणाली नाही. ती स्वयंपाक करायची, गीतं म्हणायची, आणि कधी कधी तिची नजर त्याच्या गळ्यावर येऊन टेकलेली असायची. एप्रिलात गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा तिला नगरला नेलं. दीड वर्ष ती टिकली. मातीच्या दिवशी सुकन्यानं त्याच्या हातात हात दिला नाही. त्यानंतर ती वर्षाकाठी एकदा यायची, घर झाडायची, औषधं लावून द्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

रविवारी उपकारस्तुती होती. लोकांनी गव्हाची पोती, पेरू, ऊस, अंडी, एक काळी कोंबडी असं काय काय आणून वेदीपुढं ठेवलं होतं. पाळकसाहेबांनी लाजरचं नाव पुकारलं. तो उभा राहिला आणि त्यानं माईक हातात घेतला. माईक हाताला सवयीचा होता. तो म्हणाला, "मी मेलो नव्हतो." मग त्यानं सगळं सांगितलं, आडवळण न घेता, गाड्या पुकारायचा तसं. चादर मी घातली. गळा एस्तेर सिस्टरनं कापला. आईनं पाय धरले होते. नळी एकच होती. माझी खाट खिडकीजवळ होती म्हणून मी जगलो, आणि आतल्या खाटेवर हाजरा नावाची सहा वर्षांची मुलगी मेली. एवढं बोलून तो थांबला. देवळात पंख्यांचा आवाज होता. त्याला वाटलं आता कुणीतरी उठेल, ओरडेल, निदान रागानं बघेल. त्या रागाची त्याला फार गरज होती.

पाळकसाहेब तरुण होते, मनानं चांगले होते. ते पुढं आले, त्यांनी लाजरच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आलेले होते. ते म्हणाले, "पाहा बंधुभगिनींनो, आपल्या देवाची योजना केवढी. डॉक्टर नसताना एका साध्या बहिणीच्या हातात त्यानं सामर्थ्य दिलं. आणि ती खाट खिडकीजवळ कुणी ठेवली? त्या खिडकीतून उजेड कुणी पाठवला?" मागून कुणीतरी आमेन म्हणालं. मग बरेच जण म्हणाले.

"आणि दुसरी खाट कुणी ठेवली?" लाजरनं विचारलं. पण माईक आता पाळकसाहेबांच्या हातात होता आणि पेटी सुरू झाली होती. उपासना संपल्यावर बाया रांगेनं त्याच्याशी हात मिळवून गेल्या. बेलापूर रोडच्या एका म्हातारीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "एवढ्या वर्सांत अशी साक्ष न्हाई ऐकली बाबा," ती म्हणाली. "लई बळ आलं." तिचा मुलगा मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी होता हे लाजरला माहीत होतं. त्याला तिला सांगायचं होतं, आजी, त्याला डॉक्टरकडं न्या, उशीर नका करू. त्यानं सांगितलंही. ती हसली आणि म्हणाली, "प्रभू बघंल की. तुज्याकडं बघूनच तर धीर धरलाय."

सोमवारी दुपारी तो नगरला सुकन्याच्या घरी पोचला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि तिनं फोनवर, थोडक्यात, आदल्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं. दोन खोल्यांचं घर होतं, दारामागं पांढरे बूट. तिनं जेवण वाढलं, त्याच्या फाईलमधले कागद चाळले, आणि डॉक्टरणीनं लिहिलेल्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं फाईल मिटली. तोच बोलायला लागला. सिस्टरचं सांगितलं, हाजराचं सांगितलं, देवळात काय झालं ते सांगितलं. ती ताटाकडं बघत ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं आश्चर्य दाखवलं नाही, आणि ते हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हापासून," सुकन्या म्हणाली. "वॉर्डात तसं पोरगं बघितलं पहिल्यांदा. घरी आले आणि तुमच्याकडं बघितलं. कळायला काय लागतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मम्मीला सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी, ती भाकरी करत होती." ती थांबली. पुढचं बोलावं की नाही हे ती जोखत होती. तिच्या आईसारखीच खालचा ओठ दाताखाली धरून. "ती म्हणाली, मला लग्न झाल्यापासून वाटतंय तसं. पप्पांना सांगू नको. त्यांच्याकडं तेवढंच आहे म्हणाली."

लाजरला खोलीतला पंखा, मोरीतला थेंब, शेजारचा टीव्ही असं सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं. त्या चार महिन्यांतली जयाची नजर त्याला दिसली, गळ्यावर टेकलेली. तो समजत होता की ती तिथून धीर घेतेय. तिला माहीत होतं. डोक्यावर हात ठेवून तो बोलत होता तेव्हा, मंडळी ओसरीवर बसून गात होती तेव्हा, गाठ वाढत होती तेव्हा, तिला माहीत होतं की या माणसाला कुणी उठवलेलं नाही, आणि ती ते त्याच्याकडून काढून घेत नव्हती. एका शब्दानं ती स्वतःला सोडवू शकली असती. त्यानं ऐकलं असतं का? तेही आता कुणाला ठरवता येणार नव्हतं.

"सुकन्या," तो म्हणाला, "एक विचारतो. डिसेंबरातच आणलं असतं तर. त्या चार महिन्यांनी फरक पडला असता का?"

हा प्रश्न त्यानं पाळकसाहेबांना विचारला होता, मातीनंतर. ते म्हणाले होते, वेळ ठरलेली असते. डेपोतल्या मित्राला विचारला होता, तो म्हणाला होता, आता त्याचा विचार करू नको. सुकन्यानं ताट बाजूला सारलं आणि त्याच्याकडं सरळ बघितलं. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किंवा होता तो जुना होऊन हाडात गेला होता.

"हो," ती म्हणाली. "पडला असता."

तिनं त्यात कदाचित घातलं नाही, काही घातलं नाही. हे बोलून तिच्या पदरात काहीच पडणार नव्हतं, समोर बसलेल्या म्हाताऱ्याला उद्या भुलीच्या टेबलावर जायचं होतं हे तिला माहीत होतं, आणि तरीही ती म्हणाली. लाजरनं त्या शब्दावर तिथल्या तिथं, पुराव्याशिवाय, पूर्ण विश्वास ठेवला. असा विश्वास त्यानं आयुष्यात दुसऱ्या कशावर ठेवला होता का, हे त्याला आठवेना. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. छातीत फक्त एक जागा झाली, मोठी, सामान हलवल्यावर खोलीत होते तशी.

सुकन्या उठली, तिनं दोघांची ताटं मोरीत नेऊन ठेवली. तिची दोनची ड्युटी होती. पांढरे बूट घालून ती दारात उभी राहिली, काहीतरी विसरल्यासारखी, मग म्हणाली, "उद्या सकाळी सहानंतर पाणी पण प्यायचं नाही. मी सुट्टी टाकली आहे. मी असेन तिथं."

"बरं," लाजर म्हणाला.

ती जिना उतरून गेली. तिची पावलं खालच्या फाटकापर्यंत ऐकू आली. तो जागेवरून हलला नाही, आणि हलायचं तर कुठं, हेही त्याला सुचलं नाही.